तापीच्या सासरी

दिवाळीत सुरतेतली कापडाची लूम बंद असली की आम्ही गावी जायचो. त्या वर्षी बायकोला गाडीचा प्रवास झेपणार नव्हता. पोटाचं दुखणं. डॉक्टरनं हात टेकले होते, तिला ते माहीत होतं. म्हणाली, "मग मला तापीच्या सासरी न्या. ओटी भरायचीय."

तिचं माहेर तापीकाठचं. तापी म्हणजे आपली पोर आणि समुद्र तिचं सासर, असंच ती धरून चालायची. सुरतेत जन्म गेला, पण समुद्र दोघांनीही बघितला नव्हता. सुट्टी म्हणजे गाव, दुसरं सुचायचंच नाही.

गोडादऱ्यातल्या घरून भाच्याच्या रिक्षानं सुवालीच्या किनाऱ्याला गेलो. सुरूची झाडं, काळी वाळू, माणूस दिसेना. जागा चांगली होती. पण समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथवर चिखल.

"पाणी मागं गेलंय मामा," भाचा म्हणाला. "येईल संध्याकाळपर्यंत."

"ओटी इथंच ठेव अन् चल," मी तिला म्हणालो. गोळ्या घरी राहिल्या होत्या. गोळी चुकली की दुखणं उठायचं.

"चिखलात? पोरीच्या दारात यायचं अन् उकिरड्यावर ओटी टाकून जायचं? तुमच्या बहिणीला चाललं असतं?"

"मामी, पोर बाजारात गेली असंल," भाचा हसला.

"मग बसू. येईल ती. आपली पोर शे," ती माहेरच्या बोलीत म्हणाली.

पोट दाबून सुरूखाली बसली. मी पुन्हा चल म्हणालो, तर म्हणे, "तुम्ही जा."

पाणी आलं ते आवाज न करता. खाचा भरत भरत एकदम पुढ्यात. आम्ही दोघांनी दंडाला धरून तिला आत नेलं. हळद-कुंकू वाहिलं, खण, तांदूळ, नारळ सोडला. लाटेनं नारळ तिच्या पायाशी आणून टाकला.

"मामी, सासरच्यांनी परत पाठवला!"

"गप रे. ओटीतलं थोडं परत द्यायचंच असतं. माहेरच्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत."

नारळ पदरात बांधला. रिक्षात दुखणं उठलं. घरापर्यंत पदर दातात धरून होती.

संक्रांतीआधी गेली. तिचे भाऊ म्हणाले, अस्थी गावाकडच्या तापीत सोडा. मी नाही म्हणालो, इथल्याच तापीत सोडल्या. ते रागावले, अजून बोलत नाहीत. न बोलोत. तिकडून पोरीचं सासर तिला फार लांब पडलं असतं. इथून पुढचा रस्ता तिनं बघितलेला होता.