डब्यातला खिजर

शिवाजी पेठेतल्या त्या दुरुस्तीच्या दुकानावर नाव खिजरचं होतं आणि बारीक काम मेहमुदाचं. अँप्लिफायर उघडून गप्पा छाटत बसावं खिजरने, आणि सोल्डरचा डाग द्यायची वेळ आली की बायकोला हाक मारावी, कारण त्याचा हात थरथरे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

दसऱ्याच्या सुमाराला इंजिनिअरिंग कॉलेजच्या नंदिनी मॅडम सर्किटची एक कोरी हिरवी प्लेट आणि सुट्या भागांची पिशवी घेऊन आल्या. मोठा फुगा विमानांच्याही वर सोडायचा होता. त्याला थर्माकोलचा डबा लटकणार आणि डब्यातला छोटा फ्लाइट कॉम्प्युटर थंडी, हवेचा दाब, ठावठिकाणा असं सगळं टिपत जाणार. वर थंडी किती, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मेहमुदाने ओढणी सारखी केली आणि बैठक मारली. गारठ्यात कच्चा डाग तडकतो. तिने प्रत्येक भागाचा एकेक पाय तापवून प्लेटवर बसवला, भिंगातून पाहिला, नखाने हलवून पाहिला.

फुगा फुटल्यावर डबा कुणाच्या तरी रानात पडणार आणि लोक बाँब समजून पळणार, म्हणून शेवटी एक बोलणारी चिप जोडायची होती. कॉलेजच्या पोरींनी बोलून पाहिलं. ऐकताना रेल्वे स्टेशनवर उभं राहिल्यासारखं वाटे. मग खिजर पुढे सरसावला. बटण दाबलं आणि एका दमात म्हणाला, “पावणं, भिऊ नका. बाँब न्हाय ह्यो. कालेजच्या पोरींचं यंत्र हाय. माझा नंबर घ्या.” नंबर सांगून त्याने पदरचं घातलंच, “कवाबी फोन करा. मी हितंच हाय.”

फुगा झकास गेला. डबा मात्र आला नाही. शेवटचा सिग्नल निपाणीच्या बाजूला मिळाला होता. खिजर गाडी घेऊन उसाच्या फडांतून हिंडला आणि पानांनी चिरलेला चेहरा घेऊन परत आला. त्याच आठवड्यात, सदरा बदलता बदलता, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाला. दवाखान्यात पोचेपर्यंतही टिकला नाही.

मेहमुदा इद्दतीला बसली. विधवेने काही महिने उंबरा ओलांडायचा नाही; तिला ओलांडायचाही नव्हता. उशाशी खिजरचा फोन, कायम चार्ज केलेला. फोनवर कुणी खिजरची चौकशी केली की ती म्हणे, “बाहेर गेलेत.”

पुण्याहून आलेल्या लेकीला, आयेशाला, हे बघवेना. “अम्मी, अब्बांचा नंबर बंद करू या. लोकांना किती दिवस बाहेर गेलेत म्हणून सांगणार?”

“मॅडमचा डबा घावू दे, मग करू,” मेहमुदा म्हणाली.

साफ खोटं. डब्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. पण सेल संपले तरी चिपमधला आवाज पुसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणंच वैरी झालं होतं. कुठल्यातरी उसात खिजर शब्दान् शब्द शाबूत पडला होता, आणि त्याला घट्ट बसवलं होतं तिनेच. नंबर बंद केला तर काय होईल? डबा लोकांना सांगणार, मी हितंच हाय. लोक फोन लावणार, आणि पलीकडून बाई म्हणणार, हा क्रमांक अस्तित्वात नाही. या विचाराने तिच्या अंगावर काटा येई. नमाजाला बसली तरी तिचा कान फोनकडेच असे.

ऊसतोड ऐन भरात असताना तो वाजला.

“अक्का, मी विजयसिंह, निपाणीकडचा. तोडीत थर्माकोलचा डबा घावलाय. पोरांनी नवं सेल घातलं आन् त्यो बोलायच लागला की!”

त्याच्या मागून खिजर बोलत होता. आवाजाला ओल नाही, गंज नाही. मेहमुदा भिंतीला धरून खाली बसली.

“आमची आई म्हातारी हाय, अक्का. म्हणती, ह्यात माणूस कोंडलाय. सकाळधरनं तोंडात घास न्हाय तिच्या. कसं बंद करायचं ते सांगा, न्हायतर डब्यात बोलत्यात त्या पावण्यास्नीच फोन द्या.”

“बाहेर” हा शब्द सवयीने ओठांवर आला. तो तिने गिळला. फोन डब्याजवळ धरा, दिवसभर धरा, म्हातारी राहू दे उपाशी, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

“खालचं झाकण काढा,” ती म्हणाली. “एक सेल उपसा.”

नंबर सांगता सांगता खिजर अर्ध्यावर थांबला.

“झालं, गप झाला बघा. द्या आता त्यास्नी. पत्ता सांगतो.”

“ते न्हाईत, भाऊ. वारले.” हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

पलीकडे कोयते वाजत होते. विजयसिंह हळू आवाजात म्हणाला, “आरं देवा. सेल परत घालू काय, अक्का?”

मेहमुदाने डोळे मिटले.

“नगं,” ती म्हणाली. “आईला जेवाय वाढा.”