नसरीनची चौकट

नसरीन काहीही समजावताना दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची आणि तिच्यातून आपल्याकडं बघायची. "सर, चौकट माझी, आतलं तुमचं. चौकटीला हात लावायचा नाय." मुलगी सिल्लोडची. जालना रोडवर वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात ती प्रोग्रामर होती आणि मी, निवृत्त मराठी शिक्षक, मजकूर लिहायला.

तिनं एक चौकट बनवली होती. तीच सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइटवर लागायची. मधल्या मोकळ्या जागेला ती स्लॉट म्हणायची. मंगल कार्यालयवाल्यानं त्यात लग्नाचं टाकावं, डॉक्टरनं दातांचं. "एकदाच शिवलेली पिशवी हाय, सर. कोणी मेथी भरतं, कोणी मटण."

एके दुपारी बिडकीनच्या मंगल कार्यालयाचा मजकूर टाकायला बसलो आणि चुकून चौकटीचीच मूळ फाइल उघडली. मधोमध तिचा तो स्लॉट, रिकामा. आयुष्यभर पोरांना 'रिकाम्या जागा भरा' सांगितलेला मी; राहवेना. त्याच्या जागी लिहून टाकलं : 'आपले सहर्ष स्वागत. जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये.'

तासाभरात सगळ्यांचं आतलं गायब आणि जिकडंतिकडं माझं वाक्य. रक्त तपासणाऱ्या लॅबच्या पानावर तर 'उपाशीपोटी यावे' या मथळ्याच्या बरोबर खाली. लॅबवाल्याचा फोन नसरीननंच घेतला. "मॅडम, पेशंट सुई टोचून घेतायत आन् पंगत कुठं हाय विचारतायत! एक आजोबा हात धुऊन बसलेत!"

आमच्या ऑफिसचे मालक तिच्यावर उखडले. "चौकट तुझी ना? मग चूक कोणाची?" त्याच महिन्यात ती टीमची प्रमुख होणार होती, ते पद दुसऱ्याला गेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी डबा उघडून वरणात काय पडलंय ते शोधत राहिलो. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून पुण्याला गेली.

परवा ईदच्या शुभेच्छा द्यायला फोन केला आणि धीर करून सांगितलं, "नसरीन, ती जागा मी भरली होती."

ती खदाखदा हसली. "मालूम है, सर. फाइल कोणी बदलली ते नावासकट राहतं. तवाच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, बघत होते. निघायच्या दिवशी तर मुद्दाम दोनदा चहा पाजला तुम्हाला."

मी कशीबशी माफी मागितली.

"मला कशाला सांगताय? मालकांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत मालकांच्या टेबलावर ठेवून आलो आहे.