टाकीतलं औषध

खाटीकबाबांनी थकल्यावर दुकान सोडलं आणि ते लेकीकडे राहायला आले. तिथल्या काचेच्या टाकीतल्या इवल्याशा कोळंब्यांवर त्यांचा जीव जडला. पण पाणवनस्पतींबरोबर आलेल्या गोगलगायींनी टाकीत उच्छाद मांडला होता. बाबा पाण्यात काकडीची चकती सोडत आणि तिला लगडलेल्या गोगलगायी बाहेर काढून सुरीच्या मुठीने ठेचत.

त्या ठकठकीला वैतागून जावयाने एकदा गोगलगायी मारायचं औषध टाकीत ओतलं. त्यात तांबं होतं, आणि ते कोळंब्यांना विषच. गोगलगायींच्या आधी कोळंब्याच उलट्या पडून पाय झाडू लागल्या. ते पाहताच बाबांनी जावयाची मान धरली आणि त्याचं तोंड टाकीत दाबलं.

"पी! तूही पी!"

लेकीने लाटणं उचलून बापाच्या मनगटावर हाणलं. हाड कडकन मोडलं, तेव्हा कुठे पकड सुटली.

"बाबा, माणूस आहे तो!"

बाबा मटकन खाली बसले. आपण काय करायला निघालो होतो, हे त्यांना कळलं.

जावई खोकत उठला. "तुमचं नंतर बघतो," तो म्हणाला, "आधी स्वच्छ पाणी आणा. काही अजून जिवंत आहेत."

थोड्या वाचल्या. मनगट मात्र वाकडंच जुळलं. त्याबद्दल बाबांनी लेकीला कधी बोल लावला नाही.