वहिनीचं तिवर

कन्हान नदीच्या पाण्यात बोट बुडवायची, चाटायची अन् तोंड वाकडं करायची. "मेलं, इथंही गोडंच!" विहीर असो, नाला असो, आमच्या वहिनीची आधी चव. माय म्हणे, "लोक गोड्या पाण्यासाठी विहिरी खोदून राहिले, अन् हे बाई मीठ शोधून राहिली."

वहिनी कोकणातल्या खाडीकाठची. दादा मुंबईच्या गोदीत होता, तिकडंच लग्न जमलं. देश स्वतंत्र झाला त्या साली तो तिला घेऊन नागपूरकडच्या आमच्या सौंसरला परतला, संत्र्याच्या बागेत राबायला.

दुपारी कापूस निवडताना ती खाडीतली झाडं सांगायची, नात्यातली माणसं सांगावी तशी. "चिपी धीट, अगदी पाण्याच्या तोंडाशी. कांदळ चिखलात पुष्कळ पाय रोवून उभं. त्याचं बी झाडावरच कोंबतं, भाऊजी, शेंगेएवढं वाढलं की आई खाली सोडते. काठाला मारांडी, काटेरी, आमच्या आत्यासारखी. आणि परड्यामागं तिवरच तिवर. त्याची मुळं चिखलातून वर येतात, श्वास घ्यायला."

"मुळं वर? वहिनी, मी चौथीतच शाळा सोडली, पण इतका बी येडा नाही."

"या एकदा माहेरी, दाखवते."

माहेरी जाणं संत्र्याच्या बहारावर अडलेलं. आंबिया बहार संपला की मृगाचा. मग राज्यं नव्यानं पाडायची बोलणी निघाली आणि दादानं सगळ्यांसमोर सांगितलं, "सौंसर नागपुरासंगं मराठी राज्यात जानार हाये. मंग तुझ्याच राज्याचा जावई होऊन नेतो तुले." वहिनीनं नवं लुगडं काढून ठेवलं.

नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं हिंदी राज्यातच राहिलो. दादा हट्टाला पेटला. "आता परराज्यातला म्हनून जाऊ? लोक हासतीन."

"झाडं काय विचारणार आहेत, तुम्ही कुठल्या राज्याचे म्हणून?" एवढंच ती बोलली. लुगडं पेटीत गेलं. त्यानंतर तिनं कुठल्या पाण्याची चव घेतली नाही.

दादाला ते बघवेना. एक दिवस डोंगरातून रोप घेऊन आला. आमच्याकडं तिवस नावाचं झाड असतं, नांगराला त्याचं लाकूड. कोकणात तिवसालाच तिवर म्हणत असतील, असं त्यानं धरलं, मीही धरलं. बागेत आळं करून लावलं अन् तिला हाक मारली, "घे तुझं तिवर."

वहिनीनं पान पालथं करून पाहिलं. मग दादाच्या तोंडाकडं पाहिलं. "हेच ते," म्हणाली.

पुढं कधी तरी मी चिडवलं, "वहिनी, मुळं कुठं वर आली?"

"इथं चिखल नाही ना, भाऊजी."

मरेपर्यंत रोज संध्याकाळी त्या झाडाला पाणी तिनंच घातलं. माहेर राहूनच गेलं.

अस्थी घेऊन मी गेलो. दादाच्यानं जाववेना. तिच्या भावानं होडीत बसवलं. मी म्हटलं, तिवर दाखवा. त्यानं बोट केलं. पानं मागून पांढुरकी, अन् भोवतीच्या चिखलातून मुळं वर आलेली, बोटांसारखी, शेकड्यानं. आमच्या तिवसाशी पानाचंही नातं नाही. मी अस्थी सोडल्या. पाण्यात बोट बुडवून चाटलं. खारट होतं.

घरी आलो तर दादा तिवसाखाली बसलेला. "पाह्यलं का तिवर? हेच ना?"

बांधाच्या टीचभर मातीसाठी खोटं बोलला म्हणून मी सख्ख्या चुलत्याशी बोलणं सोडलेला माणूस. खोट्याला खोटं म्हटल्याशिवाय मला जेवण जात नाही.

"हेच ते, दादा."

तो उठला, बादली घेतली अन् विहिरीकडं गेला. तिची पाण्याची वेळ झाली होती.