दांड्यावरची जागा

जीवरामच्या ट्रॉलीचा दांडा म्हणजे बेबाबाईची जागा. ट्रॉलीत खत नाहीतर मजूर बायका, म्हणून घरधनीण बसायची पुढे, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या लोखंडावर, मांडीत पाण्याचा कॅन घट्ट धरून. "एक पेटी बसाडी ल्या ना तठे," असं तिने वर्षानुवर्षं सांगितलं. "तू शे ना धराले," हा जीवरामचा ठरलेला विनोद. शेतात राबायला हा गडी कधी मागे हटला नाही, पण बायकोचं ऐकायला त्याला मुहूर्तच सापडत नसे.

पोळ्याच्या आधी ट्रॉलीचं चाक चारीत गेलं आणि बेबाबाई फेकली गेली. कमरेचं हाड मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी जीवरामला बाजूला घेऊन सांगितलं, घरातल्या घरात काठीने चालतील, शेत आता विसरा. हे बायकोला सांगायला त्याची जीभ रेटेना. ती खाटेवर पडून कापूस वेचणीचे बेत करायची आणि हा बापडा मान डोलवायचा.

शेवटी तो ट्रॉली घेऊन, पेटी बसवायला पारोळ्याला नजीर वेल्डरकडे गेला. नजीरने वाकून पाहिलं. "भाऊ, हाऊ दांडा आखूड शे. पेटी बसाडी तं वळतांना चाकले घासाई." मग भंगारातल्या दांड्यांमधून दोघांनी एक तिकोनी, दणकट दांडा निवडला. नजीरने तो हातभर लांबवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर पत्र्याची पेटी टेकवली.

"झाकन सपाट करू? वर बसता बी येई."

"नको!" जीवराम जवळजवळ ओरडलाच. "उतरतं कर. तठे परत कोनी बसाले नको."

घरी येताना त्याला फार दिवसांनी बरं वाटत होतं. उशिरा का होईना, तिचं ऐकलं होतं.

बेबाबाई काठी टेकत अंगणात आली. रंग अजून ओला होता, तरी तिने पेटीला हात लावला. कॅन आत ठेवून पाहिला. अगदी बरोबर मावला. "चांगली शे," ती म्हणाली. मग झाकण लावलं, तर तिचा हात त्या उतारावरून घसरून खाली आला.

"मंग वेचनीले मी कोठे बसू?"

जीवरामने उगाच झाकण उघडलं, कॅन बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. बेबाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.