तुळसाबाईच्या मोबाईलातली सासू

राई गावात संध्या घरतला कंप्युटरवाली म्हणतात. कुणाचा मोबाईल आडून बसला, कुणाचं आधार ओटीपी मागायला लागलं, की बाया पदर खोचून सरळ तिच्या ओटीवर. संध्या गॅसवर कालवण ढवळता ढवळता त्यांचा मोबाईल हातात घेते, दोन ठिकाणी बोट लावते आणि परत देते. पैसे घेत नाही. पण कुणी वाटीभर सुकट आणली तर नको म्हणत नाही.

तिचा बापूस खाडीत जाळं टाकायचा, पावसाळ्यात भाताची दोन खाचरं करायचा. खाचरांवर आता पाच मजली इमारत उभी आहे. संध्या तिच्याकडं बघून कधी उसासा टाकत नाही. तिथं चिखलात कंबर मोडेपर्यंत आवणी तिनंच केली होती. तिला विचारा त्यातली मजा. बारावीनंतर तिनं भाईंदर पश्चिमेला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिंगला लागली. त्याला चौदा वर्षं झाली. नवरा स्वप्नील बस चालवतो, पोरगी नववीत आहे, स्कूटर स्वतःची आहे. संध्याचं काही अडलेलं नाही, आणि ते तिला ठाऊक आहे. हे दुसरं फार कमी लोकांच्या बाबतीत असतं.

कारखान्यात खाली पॉलिशची घरघर, वर काचेच्या खोलीत संध्या. टायपिंग करता करता कंपनीचा मेल तिच्या गळ्यात पडला. बावीस माणसांच्या मोबाईलवर मेल जातो, आणि त्या बदल्यात प्रत्येकानं कंपनीला एक हक्क दिलेला असतो. मोबाईल हरवला, माणूस नोकरी सोडून गेला, तर ऑफिसातल्या खुर्चीवरून त्या मोबाईलातलं सगळं पुसून टाकायचा हक्क. मोबाईलवर तसा इंग्रजी मजकूर येतो, खाली 'ठीक आहे' असं बटण असतं, आणि लोक ते मजकूर न वाचता दाबतात. संध्या मात्र प्रत्येकाला समोर बसवून सांगायची, "हे बघा, तुमच्या घराची चावी माझ्या हाती देताय. नवीन मोबाईल असंल तर मी नुसता कंपनीचा मेल काढीन. जुना असंल तर मेल, फोटो, पोराबाळांचे व्हिडिओ, सगळंच जाईल. कळलं?" लोक हसायचे. उत्तनचा लिओनार्ड म्हणाला होता, "संध्याबाय, माझ्या मोबाईलात हाय काय? भरती-ओहोटीचं टायमिंग!"

आपल्या हातात काय आहे ते तिला नीट कळत होतं. म्हणून तिनं दोन नियम केले होते. एक, पुसायचं पान फक्त ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर उघडेल. घरून नाही, मोबाईलवरून तर नाहीच. दुसरा, बटण दाबायच्या आधी त्या माणसाशी बोलायचं. चौदा वर्षांत तिनं पाच मोबाईल पुसले होते आणि पाचही वेळा माणूस फोनवर होता.

सहावा मोबाईल दिपेशचा.

दिपेश राईचाच, धवलारीण तुळसाबाईचा मुलगा. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो. आधी धवलारीण लागते. हळद असो, मांडव असो, प्रत्येक विधीचं तिचं गाणं ठरलेलं. त्याला धवला म्हणतात. धवला म्हटला गेला नाही तर हळद लागली असं कुणी मानत नाही. संध्याच्या लग्नातही तुळसाबाईनंच म्हटला होता. त्या ओळखीवर संध्यानं कारखान्याचे मालक नवनीतशेठ यांच्याकडं शब्द टाकला आणि दिपेशला सेल्समध्ये लावलं. चार वर्षं त्यानं नीट काम केलं. मग वसईच्या एका भांडीवाल्यानं जास्त पगार दिला, आणि गेला. शेवटच्या दिवशी त्यानं संध्यासमोर बसून आपल्या नव्या मोबाईलातला मेल काढला, पेढे दिले आणि निघाला.

दोन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, संध्या यादी तपासत होती. बघते तर दिपेशच्या नावावर आणखी एक मोबाईल. जुना. आणि त्यानं त्याच दिवशी सकाळी दहा चाळीसला कंपनीचा मेल उतरवून घेतलेला! दिपेशचं खातं बंद करायचं शेठनीच थांबवलं होतं, त्याच्या गिऱ्हाइकांचे मेल अजून त्यावर येत होते म्हणून. म्हणजे नवे भाव, नवी गिऱ्हाइकं, सगळं त्या मोबाईलात उतरत होतं.

नवनीतशेठ नेमके मागं उभे होते.

"ये क्या है, संध्याबेन?"

"शेठ, दिपेशचा जुना मोबाईल दिसतोय."

"जुना? और रोज मेल लेता है? वसईमां बैठके हमारा भाव पढता है!" शेठ टेबलावर वाकले. "आपके गाँव का आदमी है ना? आपने बोला था, अच्छा लडका है."

हे तिला झोंबलं. तिनं दिपेशला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. शेठ हलेनात. संध्याच्या डोक्यात तिडीक गेली. आपण शब्द टाकला, आणि ह्या पोऱ्यानं आपल्याच ताटात माती कालवली! तिनं यादीतल्या त्या मोबाईलवर टिचकी मारली आणि पुसायचा हुकूम सोडला. पडद्यावर अक्षरं आली: हुकूम वाट बघतोय, मोबाईल नेटवर आला की पुसला जाईल.

"हो गया?" शेठनी विचारलं.

"नेट लागला की होईल."

"बस," शेठ म्हणाले आणि चहा मागवायला गेले.

संध्याकाळी गावात सुलूच्या भाचीची हळद होती. सुलू म्हणजे संध्याची शाळेपासूनची मैत्रीण. तोंडाची फटकळ, मनाची साफ. मांडवात बाया दाटीनं बसलेल्या, मधे पाटावर नवरी, आणि नवरीच्या उजव्या हाताला तुळसाबाई. पासष्टीची बाई, आवाज अजून खणखणीत, पण हल्ली एक झालं होतं. गाणं सगळं पाठ, पहिली ओळ मात्र आठवायची नाही. म्हणून ती कनवटीची पिशवी उघडायची, मोबाईल काढून कानाला लावायची, दोन क्षण ऐकायची आणि मग आवाज सोडायची. मागच्या दोघी तो उचलायच्या.

संध्या हळद कालवायला बसली होती. कोपरापर्यंत हात तेलानं आणि हळदीनं माखलेले. तिनं सुलूला विचारलं, "मावशी कानाला काय लावतं गं?"

"सासूला लावतं," सुलू म्हणाली. "आनंदी म्हातारी गेली ना चार वरसांपूर्वी, तिची गानी दिप्यानं त्या मोबाईलात भरून ठेवलीत. सगली तरेसष्ट. म्हातारी गेली, पन तिच्याबिगर हिचं पान हालत नाय."

"दुसरीकडं कुठं हायेत ती?"

"कुठं असणार? म्हनून तर मी आज घेतंय." आणि सुलूनं हाक मारली, "मावशे, आन मोबाईल इकरं! ती गानी मना धाड. मना पन शिकायची हायेत."

"नेट नाय चालू," तुळसाबाई म्हणाली. "मी सकालच्याला चायबरोबर लावतंय अर्धा घंटा, मग बंद करतंय. दिवसभर लावला तर रिचार्ज काय तुझा बापूस भरल?"

"माझा नेट देतंय, आन."

मोबाईल चार हातांवरून सुलूकडं आला. येता येता तो संध्याच्या नाकासमोरून गेला. काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि पडद्यावर कंपनीच्या मेलचं चित्र: स्टीलचा टोप, वर झाकण. संध्यानं स्वतः लावलेलं चित्र.

सकाळी चहाच्या वेळी. दहा चाळीस. जुना मोबाईल.

हाच तो मोबाईल. सुलूचं बोट नेटच्या बटणाकडं निघालं होतं.

"सुले! नेट लावू नको!"

सगळ्या बाया वळल्या. नवरीनंही मान वर केली. संध्या उठली, परातीत पाय पडला, आणि तिनं झडप घालून सुलूच्या हातातला मोबाईल हिसकला.

"अगं ये! येड लागलं काय तुना?" सुलू ओरडली. "मोबाईल कशाला ओढतंस?"

"सांगतंय, सांगतंय, आधी थांब." संध्यानं पडद्यावर बोट फिरवलं. पडदा ढिम्म. तेलकट बोटाला तो दाद देईना. तिनं दुसरं बोट लावलं, तेही पिवळंजर्द. शेवटी ती मांडवाबाहेर धावली. तिथं स्वप्नील बाप्यांत बसून गप्पा मारत होता. तिनं त्याच्याच पांढऱ्या शर्टाला दोन्ही हात पुसले.

"अगं, माझा शर्ट!" स्वप्नील म्हणाला.

"तुझा शर्ट धुता येतो," संध्या म्हणाली आणि तिथंच उकिडवी बसली.

आधी विमानाचं बटण दाबलं, म्हणजे नेट येऊच शकणार नाही. मग कंपनीचं मेलचं खातं शोधलं आणि मोबाईलातून काढून टाकलं. मेलच नाही तर हुकूम येणार कुठल्या वाटेनं? मग गाण्यांची पेटी उघडली. मोजली. तरेसष्ट. एक लावून बघितलं. आनंदी म्हातारीचा चिरका आवाज निघाला, मधे खोकली, मधेच दिपेशला "कोंबरी हाकल" म्हणाली आणि परत गायला लागली.

तेवढ्यात तुळसाबाई मागं येऊन उभी राहिली. हळद थांबली होती, मांडव वाट बघत होता.

"काय जालं, बाय?"

संध्यानं लपवलं नाही. दिपेशनं मेल काढला नाही, मोबाईल चालू दिसला, शेठ भडकले, आणि आपण रागानं पुसायचा हुकूम सोडला, हे सगळं तिनं सांगितलं.

तुळसाबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे तू तिकरं खुर्चीवर बसून माझी सासू पुसणार होतीस?"

"व्हय, मावशे."

"जित्तेपणी माझ्याच्यानं ती हालली नाय, आनि तू एका बोटानं!" मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. तुळसाबाई हसली नाही. "दिप्या मना बोलला होता, आये, मेल काढतंय. मीच नको बोलली. टिंग वाजला क मना समजायचं, पोऱ्याला काम हाय, पगार येतंय. आता नोकरी बदलली त्यानं, मना काय म्हाईत टिंग जुन्या शेठचा क नव्याचा?"

"त्याचा फोन का बंद हाय?"

"गुजरातेत गेलाय, गिऱ्हाइकाकरं. दुपारचा आगगारीत झोपला असंल." तिनं हात पुढं केला. "दे इकरं. पोरीला हलद लावायची हाय."

"मावशे, आधी ही गानी माझ्या आनि सुलूच्या मोबाईलात घेतंय. नेट लागत नाय त्याला. एकाच ठिकानी ठेवायची ही चीज नाय."

तुळसाबाईनं थोडा विचार केला. "घे. पन गाताना माझं नाव सांगायचं नाय. तिचं सांगायचं."

आधी संध्याचा, मग सुलूचा मोबाईल शेजारी ठेवून गाणी एकेक करून ब्लूटूथनं उतरवली. पाऊण तास लागला. तोवर तुळसाबाईला पहिली ओळ लागली की संध्या पाटामागून मोबाईल तिच्या कानाशी धरायची. हळद रंगली. संध्याच्या साडीच्या निऱ्यांना परातीतली हळद लागली ती लागलीच.

सोमवारी ती नऊच्या आत ऑफिसात गेली. आधी वाट बघत बसलेला हुकूम रद्द केला, दिपेशचं खातं बंद केलं आणि त्याचे मेल लिओनार्डकडं वळवले. मग नवनीतशेठच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

"माझी चूक झाली, शेठ. माणसाशी न बोलता मी कधीच बटण दाबत नाही. तुम्ही मागं उभे होता आणि मला राग आला होता."

शेठनी चष्मा काढला. "मतलब भाव कोणी वाचले नाहीत?"

"त्या बाईला इंग्रजी येत नाही. तिला मराठीपण वाचता येत नाही. ती नुसता आवाज ऐकायची."

"एने तो घंटी गमे छे," शेठ स्वतःशीच म्हणाले, म्हणजे तिला तर नुसती घंटीच आवडते. मग त्यांनी चष्मा परत चढवला. "संध्याबेन."

"बोला."

"मेरा पुराना मोबाईल बा के पास है. राजकोट."

"त्यात मेल आहे?"

"मैंने तो निकाला नहीं."

संध्यानं तिथंच यादी उघडली. शेठच्या नावावर दोन मोबाईल. दुसऱ्यानं सकाळी साडेसहाला मेल उतरवलेला. सगळ्या कंपनीचे भाव, बँकेची पत्रं, वकिलाचे मेल, सगळं राजकोटला शेठच्या आईच्या, बाच्या देवघराशेजारी.

मग तिनं एकेकाला बोलावून विचारलं, जुना मोबाईल कुणाला दिलास? बावीस जणांपैकी नऊ जणांचे जुने मोबाईल त्यांच्या आयांकडं निघाले. दोन सासऱ्यांकडं. एक घोडबंदरच्या सोसायटीच्या वॉचमनकडं. लिओनार्डचा त्याच्या आईकडं, सेलेस्टिनकडं. ती उत्तनच्या बाजारात म्हावरं विकता विकता त्यावर हिशेबाचं गणकयंत्र लावायची. एकालाही मेल काढायचं सुचलं नव्हतं. चांगला चालता मोबाईल टाकतो कोण? तो घरातच फिरतो.

जवळपासचे मोबाईल संध्यानं स्वतः जाऊन साफ केले. खुर्चीत बसून एका बोटावर सगळं सोडून देण्याची तिची आता तयारी नव्हती. पंधरा दिवस, बहुतेक संध्याकाळी एक घर. एका घरी तिला थालीपीठ मिळालं, एका घरी ढोकळा. सेलेस्टिननं डब्यात ताजे बोंबील भरले आणि वर सांगितलं, "आज रातच्याला खा, उद्याला ठेवू नको." स्वप्नील म्हणाला, "अशी चूक महिन्यातून एकदा करत जा." त्या पंधरा दिवसांत संध्याचं वजन दोन किलोनं वाढलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

राजकोटचं काम तेवढं फोनवर करावं लागलं. बा ब्याऐंशीच्या. नवनीतशेठ समोर बसून एकेक शब्द गुजरातीत सांगत होते, आणि संध्या त्यांना मराठीत सांगत होती. बा मधेच विचारायच्या, नवनीत जेवला का, खोकला गेला का, सून बरी आहे का. शेठ चिडायचे, मग उत्तर द्यायचे. पाच मिनिटांच्या कामाला पन्नास मिनिटं लागली. संध्यानं घाई केली नाही. पहिल्या अर्ध्या तासातच तिच्या लक्षात आलं होतं की शेठ आईशी एवढा वेळ बऱ्याच महिन्यांत बोलले नसावेत. ती खुर्चीत रेलून बसली, चहा मागवला, आणि बानी चुकीचं बटण दाबलं तरी म्हणाली, "काही हरकत नाही, शेठ. पहिल्यापासून सांगा."