चार नंबरचा मजकूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — आणि ती गेली तेव्हा आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, म्हणजे वेळ मिळाला नाही असं म्हणायचीही सोय नाही. मुलाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतही नाही. भित्र्या माणसाला अशाच सोयी सुचतात.

मी जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवायचे, शब्दांच्या ओळी, ओळींचा मजकूर — हे माझं काम. मुलुंडच्या माझ्या घरात आज नात मोबाइलशी नुसती बोलते आणि अक्षरं आपोआप उमटतात. तिला मी काय सांगणार? घाटकोपरला एका गाळ्यात आमच्या सायंदैनिकाचा छापखाना होता. सकाळी सातला उभं राहायचं, दुपारी तीनला अंक बाहेर. उभ्या जुळाऱ्याच्या तीन बाजूंना लाकडी खण आणि खणांत शेकडो घरं — अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या, रफार, अनुस्वार. खिळ्यावरचं अक्षर उलटं. तेच वाचायचं, तेच जुळवायचं. पहिला महिनाभर मी घरी जाऊन भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उजवीकडून वाचत होतो.

आम्ही बारा जण होतो आणि आम्हाला बारा नंबर. प्रत्येकाच्या नंबराच्या शिशाच्या पट्ट्या असायच्या, बोटाच्या पेराएवढ्या. बातमी आली की फोरमन सावंत मास्तर कात्रीने कागदाचे तुकडे करून आम्हाला वाटायचे. जुळवून झालं की आपल्या मजकुराच्या डोक्यावर आपला नंबर ठेवायचा. प्रूफ काढलं की तोही उमटायचा. मुद्रितशोधक चुकांवर खुणा करायचे आणि मास्तर भिंतीवरच्या फळ्यावर त्या नंबरापुढे खडूने तितक्या रेघा ओढायचे. पान बांधताना नंबर काढायचे. छपाई झाली की ज्याचा त्याचा मजकूर त्याच्या ट्रेमध्ये परत यायचा, वर परत नंबर — कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिळे आपापल्या घरात टाकायचं कामही ज्याचं त्याचं. मला या व्यवस्थेचं भारी नवल वाटायचं. बारा जणांचे हात एका पानात कालवलेले, आणि तरी कुणी कुठला अनुस्वार खाल्ला ते मास्तर चहा पिता पिता सांगायचे.

माझा नंबर अकरा. माझ्यापुढे रेघांचं कुंपण असायचं. चार नंबरपुढची जागा मात्र मी कायम काळीच पाहिली.

चार नंबर म्हणजे मनोहरदादा. मालवणकडचे. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, बुटके, पुढचे दोन दात किडलेले — दिसायला काही म्हणजे काही नाही. पण तो माणूस कामाला लागला की मी माझा हात थांबवून बघत राहायचो. त्यांची नजर कागदावरून हलायचीच नाही. उजवा हात आपला आपण जायचा, घरातून खिळा उचलायचा, येता येता बोटांतच सुलटा करायचा. आम्ही दोन ओळी करेपर्यंत त्यांच्या पाच. जुळवलेल्या दहा-बारा ओळी ते नुसत्या हातांत उचलायचे, आणि एक खिळा सुटायचा नाही. का सुटेल? प्रत्येक ओळ अशी नेमकी बसवलेली की ना ढिली, ना घट्ट. शब्दांमधल्या जागा इतक्या सारख्या की छापलेला स्तंभ डोळे बारीक करून बघितला तरी कुठे भोक दिसायचं नाही. संपादक आपला अग्रलेख दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. ओळ जमली नाही की मी काय करायचो माहीत आहे? कागदाचा कपटा दुमडून खुपसायचो. मास्तरांना कपटे दिसले की आईबाप काढायचे. ही खोड अख्ख्या छापखान्यात एकट्या माझी होती. हे लक्षात असू द्या.

मी त्यांना मानत होतो. आणि जळतही होतो — दोन्ही एकाच वेळी. असं होतं की नाही? निदान माझं झालं होतं.

जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला की पलीकडून आवाज यायचा. "हात धुवन घे रे आधी. शिसा पोटात जाता." रोज. माझी आई विसरली असती, ते विसरले नाहीत.

आता त्या दिवसाकडे येतो. खरं तर मघापासून टाळतोच आहे.

रोज लागणारे मथळे आम्ही जुळवूनच ठेवायचो, म्हणजे पुन्हा पुन्हा कष्ट नकोत. 'दुःखद निधन' आणि 'हार्दिक अभिनंदन' एकाच फळीवर शेजारी शेजारी असायचे, एकाच मापाचे. त्या दुपारी एक छोटा मजकूर उशिरा आला. विक्रोळीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते, विद्यार्थ्यांनी अभिनंदनाची जाहिरात दिली होती. मास्तर ओरडत होते, समोर येईल त्याच्या हातात कागद कोंबत होते, पान अडलं होतं, दुसरं प्रूफ काढायला कुणाला वेळ नव्हता. मी फळीवरचा मथळा उचलला आणि लावून टाकला.

संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर अंक उघडला तर गुरुजींचं नाव, वर 'दुःखद निधन', आणि खाली 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. आज तुम्हाला हसू येईल. मी अंकाची घडी घालून ती पिशवीच्या तळाशी लपवली. मास्तरांनी मला आधीच दोनदा ताकीद दिली होती आणि तिसऱ्या वेळी सरळ घरी पाठवीन म्हणाले होते. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि घरात कमावणारा मी एकटा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचलो. फळीवर ट्रे ओळीने लावलेले. माझ्या ट्रेवर अकरा. शेजारच्या ट्रेवर चार. मी दोन्ही पट्ट्या उचलल्या आणि — बदलल्या.

झालं. एवढंच. चहाचा घोट घ्यायला जास्त वेळ लागतो.

शेजारी होता म्हणून चारच उचलला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. दुसऱ्या बाजूला सात नंबरचाही ट्रे होता. चार मी निवडला. त्यांच्या नावावर एकही चूक नाही, त्यांना एक चूक माफ होईल, असा हिशोब मी थंड डोक्याने केला. आणि त्या काळ्या जागेवर एक तरी रेघ उमटलेली बघायची होती मला. हेही होतं. हे लिहिताना हात थांबला होता, पण होतं.

दहाच्या सुमारास गुरुजी स्वतः छापखान्यात आले. धोतर, छत्री, हसरा चेहरा. "मीच तो. जिवंत आहे, हात लावून बघा." दोघंतिघं हसले. मग ते खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि आवाज बदलून म्हणाले की मानखुर्दहून त्यांची थोरली बहीण रडत धावत आली, जिन्यावर पडली आणि तिचा हात मोडला. नंतर कुणी हसलं नाही.

मास्तर फळीकडे गेले. ट्रे उचलला. वरचा नंबर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मग मोठ्याने म्हणाले, "चार."

मनोहरदादा हात पुसत आले. त्यांनी ओळींवरून अंगठा फिरवला — हळूच, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मी तीन हातांवर उभा होतो. त्यांचा अंगठा एका ओळीपाशी थांबला. त्यांनी चिमट्याने शब्दांमधून काहीतरी उपसलं आणि मूठ मिटली. कागदाचा कपटा होता. पुढच्या ओळीतून आणखी एक. मास्तर तेव्हा गुरुजींना पाणी देत होते. दादांनी ते दोन्ही कपटे सदऱ्याच्या खिशात टाकले आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चूक वाचावी तसं, नीट.

"नंबर माझोच हा," ते मास्तरांना म्हणाले. "चूक माझी."

मी बोलू शकलो असतो. तेव्हा, त्या क्षणी. दोन शब्द तर होते. कोण अडवत होतं मला?

सकाळी त्या गडबडीत राहून गेलं म्हणून दुपारी अंक सुटल्यावर दोघंही शेजारी उभे राहून खिळे परत घरांत टाकत होतो. ते माझे आणि मी त्यांचे. त्यांचा मजकूर तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातात आला. काय सांगू तुम्हाला? डाव्या तळहातावर चार ओळी घेतल्या तर त्या एका सलग तुकड्यासारख्या जड आणि शांत बसल्या. एकही खिळा हलेना. सुटा करायला नख लावावं लागत होतं. एका जाहिरातीचा फालतू मजकूर होता तो, कुणीही दुसऱ्यांदा वाचला नसता, आणि त्यात या माणसाने एवढा जीव ओतला होता. मी देवळात फारसा जात नाही. पण त्या दुपारी हातात काय आहे ते मला कळलं. तो मजकूर मी अक्षर-अक्षर मोडून घरांत टाकला. बोललो नाहीच.

दादांना माफी मिळेल हा माझा हिशोब साफ चुकला. गुरुजींच्या शाळेच्या संस्थेवर आमच्या मालकांचा भाऊ होता. दादांकडून अग्रलेख गेला. मास्तर दिवाळीत निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी दादाच, हे सगळे धरून चालले होते. ती जागा सात नंबरला मिळाली. पुढे दोनेक वर्षांत फोटोवर जुळणी करायची यंत्रं आली, फोरमन आणि आम्ही तिघं कमी वयाचे तेवढे राहिलो, बाकीच्यांना घरी पाठवलं. फोरमन असते तर दादा राहिले असते. ते कुर्ल्याला लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडे लागले. छापखाना सोडायच्या दिवसापर्यंत जेवायच्या सुट्टीत ते मला हात धुवायला सांगत होते, आधीसारखंच. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, एक टोमणा नाही. एवढं मोठं मन कुठून आणतात माणसं? मी आयुष्यभर याचा विचार केलाय.

मनोहरदादा गेल्या वर्षी वारले. या महिन्यात त्यांची मुलगी सुजाता बोरिवलीहून मला शोधत घरी आली. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी वडिलांवर चार पानं काढायची आहेत म्हणाली, आणि त्यांच्यासोबत काम केलेलं तुमच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. मी बोलत सुटलो. त्यांच्या हाताची चाल, त्या ओळी, तो वेग — सगळं सांगितलं. ती लिहून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडत चालला होता. मग तिने वही मिटली.

"काका, एक विचारू? बाबा म्हणायचे, माझ्याकडून आयुष्यात एकदाच चूक झाली आणि एका बाईचा हात मोडला. शेवटी शेवटी आजारात सारखं तेच. एवढा जपणारा माणूस... कसं झालं हो ते?"

खरं काय ते त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मुलीलाही नाही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. सून बाहेर गेली होती, टीव्ही बंद होता. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, मला आता कोण कामावरून काढणार होतं?

"होतं गं," मी म्हणालो. "माणूस म्हटला की चूक होते. तू नको मनाला लावून घेऊ."

तिचे डोळे भरून आले. बरं वाटलं म्हणाली, इतकी वर्षं कुणीतरी हे म्हणायला हवं होतं. उठताना ती वाकली आणि माझ्या पायांवर तिने डोकं टेकवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत. सुखी राहा, म्हणालो.